हायड्रोचा डबा

गेल्या एप्रिलची गोष्ट, पारा 43 च्या घरात, आणि मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाय हाऊसमध्ये (सूत रंगवायचा कारखाना) जेमतेम सात महिन्यांचा केमिस्ट. सोलापूर विद्यापीठाची बीएस्सी, त्यामुळं अंगात थोडा माज होताच, खोटं कशाला बोलू.

टॉवेलच्या सुताला आम्ही व्हॅट कलर वापरतो. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून कॉस्टिक सोडा आणि हायड्रो घालावा लागतो, मग सूत बाहेर काढून हवा लागली की कलर आपल्या मूळ शेडवर येतो. हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, पांढरी पावडर, पत्र्याच्या डब्यात येते. ओल लागली की तापते (पुस्तकी भाषेत एक्झोथर्मिक) हे मी परीक्षेत लिहून मार्क पण घेतलेत. आणि आमचे मामा (डाय मास्टर, घरात तेलुगू, बाहेर पक्कं सोलापुरी, चाळीस वर्षं याच धंद्यात) यांनी मला दोनदा तरी सांगितलं होतं, हायड्रो काढायचा मग वेगळा ठेव बे, कोरडा ठेव. मी हो हो केलं.

त्या दिवशी पाण्याचा टँकर उशिरा आला, सगळी घाई, मी कॉस्टिकचा मग धुतला, झटकला आणि तोच हायड्रोत घातला, घेतली पावडर, झाकण तसंच टाकलं आणि सुताच्या रंगाची शेड बघायला गेलो. दहा-पंधरा मिनिटांनी वास आला. काडेपेटीतली काडी ओढल्यावर येतो ना तसा, पण घसा धरणारा. वळून बघतो तर झाकणाखालून धूर.

आता माझी अक्कल बघा, मी धावत जाऊन झाकण घट्ट दाबलं. हवा बंद केली की आग विझते, शाळेपासून तेच डोक्यात बसलेलं. मामा तिकडनं तेलुगूत ओरडले, थांब म्हणून, "आगु! काय करायलास बे, सोड ते!" दोघा पोरांनी तोंडाला ओला टॉवेल बांधून डबा हुकानं ओढत अंगणात नेला, मामांनी टाकीच्या पंपाची मोठी पाइप आणली आणि नुसतं धो धो पाणी. मी मागनं म्हणतोय, मामा पाणी नको, पाण्यानंच तर पेटलंय! त्यांनी लक्षच दिलं नाही. नंतर कळलं की हायड्रोला जळायला बाहेरची हवा लागतच नाही, त्यामुळं कोंडून काही होत नाही. दोन थेंब पाणी म्हणजे घात, आणि भरपूर पाणी म्हणजे इलाज, ते पण थांबत थांबत नाही, एकदम. त्यात अख्खा टँकर गेला, मालकांचं तोंड दिवसभर वाकडं होतं ते वेगळंच.

संध्याकाळी चहाला बसलो. मी विचारलं, मामा तुमचं असं कधी झालं का? "नाही," म्हणाले, "आमच्या उस्तादांचं झालतं." ते उस्ताद जुन्या मिलच्या रंगखात्यातले, 1877 ची ती मिल, केव्हाच बंद पडली. उजव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत सरळ होत नव्हती म्हणे. मी म्हटलं, म्हणजे पुढच्यास ठेच मागचा शहाणा. मामा हसले. "कसला शहाणा बे, सांगून मला पण कळलं नव्हतं. मग उस्तादांनी पत्र्यावर चमचाभर हायड्रो टाकला, थोडं पाणी शिंपडलं, आणि माझा हात धरून पत्र्याला खालनं लावला. तुला मी नुसतं सांगत बसलो, चूक माझी पण आहे."

ही शेवटची ओळ मला त्या धुरापेक्षा जास्त लागली.

मागच्या आठवड्यात एक नवीन पोरगा आलाय, डिप्लोमावाला. मी पत्रा घेतला, चमचाभर हायड्रो टाकला, बोटानं पाणी शिंपडलं. तो म्हणतो, "सर माहितीय मला, एक्झोथर्मिक आहे ते."

म्हटलं, हात लाव की.