मनकर्णिका

माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी एकदाची मोडीत घालायची ठरलं, म्हणून दुपारी एकेक खाली उतरवत होतो. एका पितळी तपेलीच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं : ‘चि. सौ. कां. मनकर्णिका हीस मामाकडून’. ही कोण बुवा? आमच्या बाकी सगळ्या भांड्यांवर आजी ‘सौ. सुशीलाबाई’ आहे.

“अरे, आजीच की ती,” आई म्हणाली. “माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं सुशीला लिहिलं, झालं.”

मनकर्णिका मला शाळेत भेटली होती, झाशीच्या राणीच्या धड्यात. मन म्हणजे मन, कर्ण म्हणजे कान. तेव्हा जिला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं ती, असा अर्थ मी लावला होता. अजूनही तोच आवडतो. खरा शब्द मणिकर्णिका, कानातलं रत्न. काशीला विष्णूनं चक्रानं कुंड खणलं, ते पाहून शंकरानं अशी मान डोलावली की कानातलं गळून त्यात पडलं. तिथलाच तो घाट, जिथल्या चिता म्हणे कधी विझत नाहीत. आपल्याकडे कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळात मनकर्णिका कुंड आहे. कित्येक वर्षं ते मातीनं बुजवलेलं होतं, अलीकडे उकरून मोकळं केलं.

राणीचं ठीक आहे, मोरोपंत तांब्यांची लेक काशीलाच जन्मली. पण आजीच्या घरच्यांनी काशी पाहिलीही नसेल. तरी पाळण्यात त्या घाटाचं नाव! आता बारशाला दोन अक्षरांचं, मोबाइलवर शोधलेलं नाव लागतं. माझ्या भाचीच्या नावाचा अर्थ तिच्या आईबापांनाही दर वेळी नव्यानं पाहावा लागतो.

तशी राणीसुद्धा मनकर्णिका कुठे राहिली? १८४२ साली लग्न झालं आणि झाशीत लक्ष्मीबाई झाली. तिथे आमच्या आजीचं काय घेऊन बसलात.

“पण तिला मनकर्णिका म्हणून कोणी हाक मारायचं का गं?”

आई जरा थांबली. “तिची धाकटी बहीण यायची ना, ती ‘मनूताई’ म्हणायची. ती गेल्यावर कोणी नाही.”

बाकीची भांडी गेली. तपेली ओट्यावर आहे. चिंच लावून घासली, चकाकली; ‘र्णि’च्या वेलांटीतला काळा मळ मात्र टाचणीनंही निघेना.