वरची कड जागेवर होती

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, तपासणारं कॅमेऱ्याचं मशीन आहे. पट्ट्यावरून माल जातो, कॅमेरा फोटो काढतो, प्रोग्राम ब्लो-होल (ओतताना वायू अडकून पडलेली भोकं) आणि भेगा शोधतो. अशा मशीनच्या दुरुस्तीच्या कॉलवर लॅपटॉप उघडायच्या आधी कॅमेऱ्याची काच पुसायची. वाळू आणि लोखंडी धूळ इतकी असते की निम्म्या तक्रारी फडक्यानंच मिटतात. या वेळी काच लख्ख होती आणि स्क्रीनवरचं कास्टिंग तिरकं.

मॅनेजर म्हणाले, ब्रॅकेट हललंय, आवळा आणि जावा. मशीनवरच्या मामांना ते पटत नव्हतं. "सायेब, कॅमेरा हलला असता तर वरची कड बी कलली असती की. ती जाग्यावर हाय. खाली जाईल तसं सरकतंय बघा." बग एवढ्या नेमकेपणानं सांगणारा माणूस आमच्या धंद्यात क्वचित भेटतो. इंजिनिअर मंडळी 'चालत नाही' एवढंच मेलमध्ये लिहितात.

फोटो मोठा करून पाहिला. दर ओळ वरच्या ओळीपेक्षा बरोबर एक पिक्सेल डावीकडे, म्हणजे नेमका ४५ अंशांचा तिरकेपणा. रंग शाबूत, इन्स्पेक्टरची पिवळी खूण पिवळीच. सेटिंग उघडलं तर नवं फिक्श्चर (माल धरणारी पकड) बसवताना कुणीतरी क्रॉपची, म्हणजे फोटोतून कापून घ्यायच्या भागाची, रुंदी १०२४ वरून १०२७ पिक्सेल केलेली.

तिथंच सगळं उलगडलं. हा प्रोग्राम सी शार्प या भाषेतला. तिच्या बिटमॅपमध्ये, म्हणजे फोटो ठेवायच्या साच्यात, प्रत्येक ओळीची लांबी चारनं भाग जाईल इतक्या बाइटांची लागते. इथं एका पिक्सेलला तीन बाइट. १०२४ पिक्सेलचे ३०७२ होतात, भाग जातो. १०२७ चे होतात ३०८१, म्हणून शेवटी तीन फालतू बाइट घालून ओळ ३०८४ ची करतात. या खऱ्या लांबीला स्ट्राइड म्हणतात. कॅमेऱ्याकडून येणाऱ्या डेटात मात्र ओळीला ओळ चिकटलेली. तो एका दमात ओतला की दर ओळीचा एक पिक्सेल त्या फालतू जागेत गडप होतो आणि पुढची ओळ तेवढी सरकते, पत्त्यांचा कॅट तिरका ढकलावा तशी. रुंदी १०२६ असती तर सरक दोन बाइटांची झाली असती, रंगांचा बट्ट्याबोळ उडाला असता, आणि मॅनेजरनाही दिसलं असतं.

मूळ कोडमध्ये सेटपिक्सेल होतं, म्हणजे एकेक पिक्सेल वेगळा लिहिणारं फंक्शन. तेव्हाची रुंदी १०२४, ओळी ७६८, म्हणजे फोटोमागे ७,८६,४३२ वेळा तेच फंक्शन, पट्टा ताटकळायचा. मग बाहेरच्या एका सल्लागारानं लॉकबिट्स (फोटोची मेमरी थेट हाती देणारी सोय) लावून अख्खा फोटो एका मेमरी-कॉपीत उचलला. वेग आला, वाहवा झाली. तपासलं फक्त १०२४ वर! वर कॉपीची लांबी धरली स्ट्राइड गुणिले उंची, म्हणजे नव्या रुंदीला मूळ डेटा संपल्यावरही २३०४ बाइट पुढं वाचायचं. कॉपीचं ते फंक्शन लिहायची जागा पुरते का एवढंच बघतं, वाचायची नाही. प्रोग्राम मधेच न सांगता मरतो, ही दुसरी तक्रारही यातलीच. डॉटनेटमध्ये, म्हणजे सी शार्प ज्यावर चालतं तिथं, ही चूक साध्या कॅचमध्ये (चुका पकडायच्या कोडात) सापडत नाही, त्यामुळे लॉग कोरा.

दुरुस्ती चार ओळींची. एकेक ओळ कॉपी करायची, ३०८१ बाइटच उचलायचे. वाचायची जागा दाखवणारा पॉइंटर ३०८१ नं पुढं, लिहायची दाखवणारा ३०८४ नं. आकडे कोडात न कोंबता दोन्हीकडून विचारून घ्यायचे, आणि स्ट्राइड सारखे निघाले तरच एका दमात. एकाऐवजी ७६८ कॉप्या झाल्या, तरी पट्ट्याला फरक कळला नाही.

"पण रिझल्ट तर बरोबर येत होते ना?" मॅनेजरांचा प्रश्न. ब्लो-होलचे येत होते. ते काळे पिक्सेल मोजून ठरतात, ओळी सरकल्या तरी पिक्सेल जवळजवळ तेवढेच. भेग मात्र लांबीवर ठरते. उभी भेग १.४ पट लांब दिसून चांगला माल उगाच बाद. ते परवडलं. उजवीकडे उतरणारी तिरकी भेग मात्र सरकून उभी होते आणि तितक्याच पटीनं आखूड मोजली जाते, ती पास.

रुंदी बदलल्यापासूनचा माल पुन्हा तपासा, असं मी सर्व्हिस रिपोर्टवर लिहिलं. गोडाउनमधला त्यांनी त्याच संध्याकाळी पट्ट्यावर घेतला. आधीच गाड्या भरून गेलेल्या मालाचं गिऱ्हाइकाला कळवलं का, हे फोन करून विचारलं. "बघतो," म्हणाले.