काळा रंग राखाडी का दिसत होता? १६५ हर्ट्झ मॉनिटर आणि माझे आठ दिवस

मॉनिटर निवडायला, पैसे भरायला काहीच त्रास झाला नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दोन तास फिरलो आणि २७ इंची, १४४०पी (२५६० x १४४० ठिपक्यांचा), १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) आयपीएस (एलसीडी पडद्याचा एक प्रकार) मॉनिटर घेऊन डोंबिवलीला घरी आलो. त्यानंतरच्या आठ दिवसांचा राग मात्र अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

खोक्यात फक्त एचडीएमआय केबल होती, तीच लावली. विंडोजने मुकाट्याने ६० हर्ट्झ धरले होते. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन हाताने बदलावे लागतात. यादीत १४४ पर्यंतच आकडे दिसत होते, तर १४४ केले. माउस हलवला आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. ६० हर्ट्झला एक फ्रेम जवळजवळ १६.७ मिलिसेकंद पडद्यावर थांबते, १४४ ला सात मिलिसेकंदही नाही. व्हॅलोरंट या गेममध्ये झटकन वळल्यावर समोरचा माणूस आता पुसट होत नव्हता.

पण काळा रंग काळा नव्हता. राख फासल्यासारखा होता. शेजारी माझा सहा वर्षांचा जुना मॉनिटर होता आणि अंधाऱ्या कोपऱ्यात तोच जास्त चांगला दिसत होता. पांढराही मळकट. एवढे पैसे घालून हे बघताना पोटात गोळा आला.

कंपनीच्या हेल्पलाइनला पहिला फोन केला तेव्हा उत्तर आलं, "सर, फॅक्टरी रीसेट करा." केला. दुसऱ्या दिवशी, "व्हिडिओ पाठवा." पाठवला. तिसऱ्या दिवशी वेगळाच माणूस, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगा. चौथ्या दिवशी, "सर, आयपीएस पॅनल असाच असतो." आयपीएसचा काळा थोडा उजळ असतो हे मलाही माहीत आहे. कोपऱ्यातली चमक बसण्याची जागा बदलली की बदलते, ती आयपीएस ग्लो. इथे तर अख्खा पडदा एकसारखा फिका होता. मी वाद घातला तेव्हा तंत्रज्ञ पाठवतो म्हणाले, पण आठव्या दिवशी. दुकानाची बदलून द्यायची मुदत सात दिवसांची! दुकानदार म्हणाले, "दादा, कंपनीचा रिपोर्ट आणा, लगेच बदलून देतो." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण एवढ्या फोनांत एकानेही, एकानेही, केबल कोणती लावली आहे हे विचारलं नाही.

सातव्या रात्री ब्राइटनेस कमी करायला मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडला आणि थबकलो. मेनूच्या चौकटीतला काळा गडद होता, आणि तिच्या मागे विंडोजचा काळा राखाडी. मेनू मॉनिटर स्वतः काढतो, बाकीचं चित्र ग्राफिक्स कार्डाकडून येतं. म्हणजे पॅनल ठणठणीत होता आणि घोळ सिग्नलमध्ये होता.

एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये चेंज रिझोल्यूशन या पानावर खाली 'आउटपुट डायनॅमिक रेंज' असते. ती 'लिमिटेड' होती. उजेडाच्या ० ते २५५ या मोजपट्टीवर टीव्हीच्या सिग्नलमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, कॉम्प्युटरच्या सिग्नलमध्ये ० आणि २५५ वर. एचडीएमआयवर कार्ड कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजून १६ पाठवतं, आणि मॉनिटर ते प्रामाणिकपणे राखाडी म्हणून दाखवतो. 'फुल' केलं, अप्लाय दाबलं. त्या क्षणी मी खुर्चीतून उठलो. रात्रीचा दीड वाजला होता, तरी बायकोला उठवून दाखवलं. एएमडी कार्डवाल्यांनी पिक्सेल फॉरमॅटमध्ये 'फुल आरजीबी' आहे का ते पाहावं.

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाची भेट रद्द केली आणि डिस्प्लेपोर्टची (एचडीएमआयसारखंच मॉनिटरचं दुसरं कनेक्शन) केबल आणली. १६५ दिसायला लागले. तीच पहिल्या दिवशी आणली असती तर बहुधा हा प्रश्नच आला नसता.

आता रंग. माझा पॅनल वाइड गॅमटचा (नेहमीपेक्षा जास्त रंग दाखवणारा), त्यामुळे लाल भडक आणि माणसांचे चेहरे उन्हात भाजल्यासारखे. एसआरजीबी (नेहमीच्या रंगांच्या) मोडमध्ये ते ठीक होतात, पण माझ्या मॉनिटरवर त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येत नाही. म्हणून कस्टम मोड घेतला, गॅमा (मधल्या छटा किती उजळ हे ठरवणारा आकडा) २.२ ठेवला आणि पांढऱ्यावर निळसर झाक होती तेवढा निळा थोडा उतरवला. माझे आकडे मुद्दाम देत नाही, एकाच मॉडेलचे दोन नगसुद्धा सारखे नसतात. ब्राइटनेस ८० वरून ३० वर आणला, डोळे दुखायचे थांबले. हे सगळं करण्याआधी विंडोजचा नाइट लाइट (पडदा पिवळसर करणारी सोय) बंद करा, मी एकदा तो चालू ठेवून तासभर रंग लावत बसलो होतो. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारी सोय) खोक्यावर लिहिलेलं असलं तरी मी बंदच ठेवतो, या मॉनिटरवर त्याने डेस्कटॉप फिका पडतो.

ओव्हरड्राइव्ह (ठिपक्यांचा रंग बदलायचा वेग वाढवणारी सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवा. सगळ्यात वरच्या पायरीला हलणाऱ्या वस्तूमागे उजळ शेपूट दिसतं. टेस्टयूएफओ या साइटवर लगेच कळतं.

आणि हो, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, दुकानात तो पहिला मागतात. केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टलाच लावा, मदरबोर्डच्या नाही. डिस्प्लेपोर्टची केबल काढताना वर छोटं बटण असेल तर ते दाबून मगच ओढा, नाहीतर पोर्ट तुटू शकतो.