इथाकातील तीस मीटर

न्यूयॉर्क राज्यातील इथाका या गावी मुलीकडे तीन आठवडे राहिले. त्यात नायगाराही पाहून झाला, पण तेथील गर्दीत मन रमले नाही. मनात घर करून राहिले ते इथाकाच्या बाजारपेठेतील तीस मीटरांचे अंतर.

कॉर्नेल विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या स्मरणार्थ येथे १९९७ साली सूर्यमालेची प्रतिकृती उभारण्यात आली. तिच्यात सर्व काही पाचशे कोटी पटींनी लहान केलेले आहे. कॉमन्स नावाच्या पादचारी पेठेत सूर्याचा स्तंभ आहे. तो सूर्य २८ सेंटीमीटरचा, म्हणजे आपल्या पोळीच्या तव्याएवढा. तेथून तीस मीटरांवर पृथ्वी आहे, अडीच मिलिमीटरची, मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी. तिच्यापासून चार बोटांवर चंद्र.

या मापाने प्रकाश सेकंदाला सहा सेंटीमीटर सरकतो. माझे पाऊल चोवीस सेंटीमीटरचे आहे, म्हणून पावलाला पाऊल लावून, दर चार सेकंदांना एक, असे प्रकाशाच्या वेगाने पृथ्वीपर्यंत जायचे मी ठरवले. मुलगी घड्याळ पाहत सेकंद मोजू लागली. बुध तीन मिनिटांनी आला. माणसे भराभर पुढे जात होती. एका वृद्ध बाईंनी थांबून, बरे वाटत नाही का, अशी आपुलकीने चौकशीही केली. सहाव्या मिनिटाला शुक्र आला तेव्हा गुडघे भरून आले होते. सव्वाशेवे पाऊल पृथ्वीच्या स्तंभाशी टेकले आणि आठ मिनिटे वीस सेकंद पूर्ण झाली.

शाळेत तीस वर्षे मी हा आकडा एका दमात सांगून पुढच्या धड्याकडे वळत असे. मुलांना एकदाही मैदानावर नेऊन तो चालायला लावला नाही, याची खंत तेथे उभी असताना फार बोचली.

मंगळानंतर स्तंभ विरळ होत जातात. गुरू दीडशे मीटरांवर आहे, बोराएवढा. प्लूटो विज्ञान संग्रहालयापाशी, जवळजवळ बाराशे मीटरांवर. आम्ही रमतगमत वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचलो. प्रकाशाला तेवढ्याच वाटेला साडेपाच तास लागले असते. सूर्याला सर्वांत जवळच्या ताराप्रणालीचा, मित्र (अल्फा सेंटॉरी) ताऱ्याचा, स्तंभ २०१२ साली थेट हवाईतील हिलो येथे उभारला गेला.

प्लूटोपाशी मला सूर्यमालेबाहेर निघालेले व्हॉयेजर १ हे अंतराळयान आठवले. १९७७ साली निघालेल्या त्या यानावरील, परग्रहवासी भेटलेच तर त्यांच्यासाठी ठेवलेल्या, ध्वनिमुद्रणाच्या तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि पंचावन्न भाषांतील शुभेच्छांमध्ये मराठीतीलही एक आहे. त्या शुभेच्छा बहुतांशी याच कॉर्नेलमध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. सेकंदाला सतरा किलोमीटर धावणारे ते यान या मापाने तासाला जेमतेम सव्वा सेंटीमीटर सरकते, आणि इतक्या वर्षांत सूर्याच्या स्तंभापासून सुमारे पाच किलोमीटरच गेले आहे. पाच किलोमीटर म्हणजे कुठे, असे विचारल्यावर मुलीने उत्तरेला कयूगा सरोवराकडे बोट दाखवले. ऊन उतरेपर्यंत मी त्या दिशेला पाहत उभी राहिले.