सर्फ लॉग: आधी सेकंद बघा, मग मीटर (आणि पुढच्या आठवड्याचा अंदाज)

मंडळी, आधी प्रगती सांगते. फेसाळ पाण्यातला पॉप-अप, म्हणजे बोर्डवर पालथं असताना एका झटक्यात उभं राहणं, आता अंगवळणी पडलाय, पुढचा पाय बोर्डच्या मध्यावर पडतो, नजर खाली न जाता किनाऱ्याकडे राहते आणि त्यामुळे बोर्डचं नाक पाण्यात घुसत नाही. आता काम चालू आहे ते ग्रीन वेव्हचं, म्हणजे लाट फुटायच्या आधीच तिला गाठायचं. आणि या टप्प्यावर आल्यावर एक गोष्ट फार जाणवायला लागलीय की फेसात शिकताना अंदाज ढोबळ असला तरी चालतो, कारण फेस काय, रोजच असतो, पण ग्रीन वेव्हसाठी कोणत्या दिवशी आणि त्या दिवसातल्या कुठल्या दोन तासांत पाण्यात उतरायचं यावरच निम्मं शिकणं अवलंबून असतं.

म्हणून सध्या माझा जेवढा वेळ पाण्यात जातो जवळपास तेवढाच वहीत जातो. जाण्याआधी अंदाजातले आकडे लिहायचे: लाटेची उंची, पिरियड (एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते ते), दिशा, वारा, भरतीची वेळ. बीचवर पोचल्यावर वीस मिनिटं नुसतं बघायचं आणि डोळ्यांना दिसलेलं शेजारी लिहायचं. पिरियड मोजायची पद्धत सोपी आहे, पाण्यातली एक स्थिर वस्तू धरायची, बोया किंवा खडकाचं टोक, एका लाटेचा माथा तिच्यावर आला की स्टॉपवॉच चालू, तिथून पुढची दहावी लाट आली की बंद, आणि आलेल्या सेकंदांना दहाने भागायचं. उंची मीटरमध्ये लिहायच्या भानगडीत पडू नका, गुडघा, कंबर, छाती एवढं पुरतं, कारण एकाच लाटेची उंची मोजायच्या पद्धतीसुद्धा दोन आहेत, हवाईमध्ये जुन्या पद्धतीने सांगितलेला आकडा हा समोरून दिसणाऱ्या लाटेच्या साधारण निम्मा असतो.

ही वही भरत गेल्यावर जे हाती लागलं ते हे: नवशिक्याने अंदाजात सगळ्यात आधी सेकंद बघावेत, मग वारा किती वाजता बदलतोय ते बघावं, आणि मीटर सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात कारण ॲपमध्ये उंचीच मोठ्या ठळक अक्षरात असते.

आता पुढच्या आठवड्याकडे येऊ, त्यातच हे सगळं नीट दिसतं. बीचची ओळख परत एकदा: किनारा जवळपास सरळ, तळ सगळा वाळूचा, उतार मंद, बाहेर एक वाळूचा दांडा आणि आत एक छोटा. नवशिक्यांसाठी झकास. अमावास्या गुरुवारी होऊन गेलेली असेल त्यामुळे शनिवार-रविवारी उधाणाची भरती आहे, म्हणजे पाणी खूप चढणार आणि तितकंच खाली जाणार.

शनिवार: 0.7 मीटर, 8 सेकंद. ओहोटी पहाटे पाचच्या आसपास, भरती अकराच्या सुमारास. वारा सकाळी जमिनीकडून 4-5 नॉट (ताशी 7-9 किलोमीटर), साडेनऊनंतर वळेल. हा आठवड्यातला सगळ्यात चांगला दिवस, सातला पाण्यात उतरा. सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही हे लक्षात असू द्या, एकूण चढाचे बारा भाग केले तर तासागणिक साधारण 1, 2, 3, 3, 2, 1 असं चढतं, म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. सात ते नऊ हेच ते दोन तास. सुरुवातीला लाट बाहेरच्या दांड्यावर फुटेल आणि बघता बघता आतल्या दांड्यावर सरकेल, तेव्हा तुम्हीही थोडं थोडं आत सरकत राहा, एकाच जागी उभं राहून लाटेची वाट बघू नका.

रविवार: उंची 0.6 मीटर, 8 सेकंद, पण खालच्या ओळीत बघा, दुसरा स्वेल (लांबून चालत आलेल्या लाटा) 0.2 मीटर, 17 सेकंद. ही ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते कारण 0.2 म्हणजे काय, काहीच नाही असं वाटतं. पण मला या आठवड्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच वाटतो, कारण लांब कुठेतरी मोठं वादळ झालंय आणि त्याची पहिली चाहूल येऊन पोचतेय. खोल समुद्रात लांब पिरियडच्या लाटा जास्त वेगाने जातात, स्वेलचा वेग नॉटमध्ये काढायचा तर पिरियडची दीडपट करायची, म्हणजे 16 सेकंदांचा स्वेल 24 नॉटने, ताशी साधारण 45 किलोमीटर, दिवसाला हजाराहून जास्त किलोमीटर चालतो, आणि 10 सेकंदांचा जेमतेम 670. एकाच वादळातून एकाच वेळी निघालेल्या लाटा वाटेत अशा वेगळ्या होत जातात आणि किनाऱ्यावर लांब पिरियडवाल्या आधी, आखूडवाल्या नंतर पोचतात. म्हणून पिरियड एकदम 8 वरून 17 वर उडी मारतो आणि मग रोज थोडा थोडा उतरत जातो, आणि उंची मात्र मागाहून वाढते.

मला या विषयाचं वेड लागलं ते इथेच. वॉल्टर मंक नावाचे समुद्रशास्त्रज्ञ होऊन गेले, दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आणि हाराल्ड स्वेरड्रुप यांनी लाटांचा अंदाज काढायची पद्धत बसवली आणि 1944 साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवताना ती वापरली गेली. पुढे 1963 मध्ये मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी मांडली आणि अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळात तयार झालेल्या लाटा अख्खा पॅसिफिक ओलांडून, दहा हजार किलोमीटरहून लांब, अलास्काला येऊन पोचतात हे दाखवून दिलं, आणि वादळाच्या पट्ट्यातून एकदा बाहेर पडल्या की वाटेत त्यांची ताकद फारच थोडी कमी होते हेही. आपण कमरेएवढ्या पाण्यात फोमी (शिकाऊंचा मऊ फोमचा बोर्ड) धरून उभे असतो आणि पायाशी आलेली लाट कित्येक दिवसांपूर्वी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला सुटलेली असते, हे मला दर वेळी आठवतं आणि दर वेळी तेवढंच भारी वाटतं.

तर रविवारी आठ ते दहा उतरायला हरकत नाही, भरती बाराच्या सुमारास आहे. फक्त अधूनमधून एखादी लाट बाकीच्यांपेक्षा वेगळी, जाड आणि सावकाश येईल, ती सोडून द्या आणि किती वेळाने आली ते बघून ठेवा.

सोमवार: 0.9 मीटर, 16 सेकंद. मंगळवार: 1.2 मीटर, 14 सेकंद. हे दोन दिवस जरा सविस्तर लिहिते कारण उंची बघून कुणीही म्हणेल की अरे एक मीटर तर आहे, चला.

6 सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात साधारण 56 मीटर असते, 14 सेकंदांच्या लाटेची 300 मीटरहून जास्त. लाटेची हालचाल पाण्यात खाली तिच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत पोचते, म्हणजे पहिली लाट 28 मीटर खोलीला तळाशी भिडते आणि दुसरी 150 मीटरलाच. वरून दोघींची उंची सारखीच, पण दुसरीच्या मागे पाण्याचा केवढा तरी मोठा गठ्ठा सरकत येत असतो, उंची तीच असली तरी तिची ताकद दुपटीहून जास्त असते. उथळात आल्यावर ही लांब लाट आखूड लाटेपेक्षा जास्त वर उठते, त्यामुळे ॲपमध्ये 1.2 लिहिलेलं बीचवर छातीच्या वर जाऊ शकतं. आणि आपल्यासारख्या सरळ किनाऱ्यावर ती एका टोकापासून उलगडत येण्याऐवजी सगळी भिंत एकदम कोसळते, क्लोजआउट. ग्रीन वेव्हचा सराव त्यात होत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट, अंदाजातली उंची ही सगळ्या लाटांची सरासरी नसते, सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्यामुळे बऱ्याच लाटा तिच्यापेक्षा लहान असतात, पण काही तासांत एखादी जवळजवळ दुप्पटही येऊन जाते. लांब पिरियडच्या दिवशी सेटच्या, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या मोठ्या लाटांच्या गटांच्या, मधली शांतता पण लांबलचक असते, दहा-पंधरा मिनिटं समुद्र अगदी तळ्यासारखा, लोक बघतात आणि म्हणतात आज काहीच नाही, आणि आत गेले की सेट येतो. वीस मिनिटं बघायचा नियम मी पाळते तो याचसाठी, पाच मिनिटांत शांतताच बघून होते.

मंगळवारी ओहोटीचा तळ सकाळी साडेसातला आहे, उधाण अजून पुरतं उतरलेलं नाही, आणि वर हा स्वेल. दांड्यावरून आत आलेलं पाणी परत जायला वाट शोधणार आणि पाणी कमी असताना ती वाट दांड्यातल्या खिंडीतूनच निघते, म्हणजे रिप करंट जोरात. माझं स्पष्ट मत, मंगळवारी नवशिक्यांनी पाण्यात उतरू नये, पण बीचवर जरूर यावं आणि उंचावर बसून रिप ओळखायला शिकावं कारण इतकी ठसठशीत परत कधी दिसेल सांगता येत नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरं झालेलं असतं आणि मध्ये एक काळपट, गुळगुळीत पट्टा असतो जिथे लाटा फुटतच नाहीत, तिथे पाणी सगळ्यात शांत दिसतं आणि म्हणूनच नवीन माणूस नेमका तिथेच उतरतो. नीट बघितलं तर त्या पट्ट्यात फेसाचे तुकडे किनाऱ्याकडे न येता उलटे समुद्राकडे सरकताना दिसतात, कधी कधी ढवळलेल्या वाळूने पाणी गढूळही असतं. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, जोरातल्या रिपशी पट्टीचा पोहणाराही हरतो. बोर्ड सोडायचा नाही, हात वर करून मदत मागायची, आणि अंगात दम असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन फुटणाऱ्या लाटांकडे यायचं, तिथून लाटाच आत आणतात. लाइफगार्ड असतील तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांमधला भाग पोहणाऱ्यांचा, काळ्या-पांढऱ्या चौकटींचे झेंडे असतील तर तो बोर्डवाल्यांचा, दोन लाल झेंडे म्हणजे पाणी बंद, मग चर्चा नाही.

सोमवारी मात्र फेसात, कमरेच्या आत, भरती चढत असताना नऊनंतर तासभर काम करता येईल, वारा साथ देत असेल तर.

वाऱ्याचं सांगायचं राहिलं. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो तेच इथे रोज समोर दिसतं, रात्री जमीन लवकर गार होते म्हणून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे, लाटांचे चेहरे (फुटायच्या आधीची समोरची उभी बाजू) गुळगुळीत, आणि ऊन चढलं की उलटा. 10 नॉटपर्यंत समुद्राकडचा वारा चालवून घेता येतो, त्यापुढे पाण्यावर जिकडेतिकडे पांढरे शेंडे दिसायला लागले की ग्रीन वेव्ह विसरा. पण जमिनीकडचा वारा चांगला म्हणून जोराचाही चांगला असं नाही, 15 नॉटचा वारा फोमीला शिडासारखा ढकलतो आणि तुम्ही नकळत बाहेर जाता, शिवाय तो लाटेला जास्त वेळ उभी धरतो त्यामुळे टेकऑफ (लाट पकडून उभं राहायचा क्षण) एकदम खडा होतो. स्वेलचा अंदाज चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी बरोबर येतो, वाऱ्याचा त्यामानाने नाही, कारण जागतिक मॉडेलची जाळी कित्येक किलोमीटरची आणि खारा वारा हा किनाऱ्याचा स्थानिक खेळ. जीएफएस हे अमेरिकेचं जागतिक हवामान मॉडेल दिवसातून चार वेळा नव्याने चालतं, म्हणून वाऱ्याचा आकडा मी आदल्या रात्री एकदा आणि निघताना एकदा बघते, त्याआधी फक्त कल असतो.

बुधवार: 1 मीटर, 12 सेकंद, ओहोटी सव्वाआठला, दुपारी गडगडाटाची शक्यता. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही. जोराचा पाऊस झालाच तर ओढ्याच्या मुखाजवळचं पाणी दोन-तीन दिवस टाळा, वरची सगळी घाण तिथेच येते.

गुरुवार: 0.8 मीटर, 11 सेकंद, पण वारा सकाळपासूनच समुद्राकडून 12-13 नॉट दिसतोय. घरी पॉप-अपचा सराव.

शुक्रवार: 0.7 मीटर, 9 सेकंद, वारा हलका. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे आठवड्यात सगळं उलटं होतं, शनिवारी सकाळी पाणी चढत असेल आणि शुक्रवारी त्याच वेळी उतरत असेल. भरती पहाटे चारला, ओहोटी दहाला, म्हणजे साडेसहाला उजाडल्या उजाडल्या उतरा आणि साडेआठपर्यंत निघा, त्यानंतर लाट बाहेरच्या दांड्यावर उथळ पाण्यात आपटायला लागेल. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट पाण्यात फुटते, कंबरेएवढी लाट फुटतेय तिथे पाणी जेमतेम पोटापर्यंत असतं, तेव्हा पडताना डोकं खाली करून सूर मारायचा नाही, आडवं, पसरून पडायचं आणि वर येताना हात डोक्यावर.

मी शुक्रवारी 8 फुटी फोमीच नेणार आहे, छोट्या बोर्डची घाई नाही. आतल्या दांड्याच्या डाव्या टोकाला लाट थोडी तिरकी येते असं वहीत वारंवार दिसतंय, पिरियड 8-9 असताना तर हमखास, तिथे उजवीकडे वळून चेहऱ्यावर राहायचा प्रयत्न करायचाय. तुमचा किनारा वेगळ्या दिशेला तोंड करून असेल तर याच आठवड्याचे तुमचे सेकंद आणि डोळ्यांना दिसलेली उंची लिहून ठेवा, सोमवारचा स्वेल तुमच्याकडे किती तासांनी आणि केवढा पोचला ते मला फार बघायचंय.