सुरंगीच्या मिश्रणात आल्डिहाइड: तिसऱ्या महिन्याची नोंद

मार्चमध्ये म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, आता पार सुकला आहे, तरीही डबी उघडली की मधाचा दाट गंध येतो. तोच गंध बाटलीत उतरवणे हे माझे यंदाचे काम आहे. आतापर्यंतचे नमुने कागदी पट्टीवर जड वाटत होते, कारण इलांग-इलांग फुलांचे तेल, मध आणि चंदन नीट जुळूनही झाडाखाली जाणवणारा मोकळेपणा त्यांत नव्हता.

म्हणून या महिन्यात सी-१२ एमएनए, म्हणजे २-मिथाइलअनडेकॅनाल हे आल्डिहाइड (अत्तरांत वापरतात त्या तीव्र वासाच्या रसायनांपैकी एक), घेऊन बसलो. नुसते हुंगले तर नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीची आठवण होते. १० ग्रॅम अर्कात त्याचे १० टक्क्यांचे द्रावण ०.२० ग्रॅम घातले, तेव्हा सुरंगी हरवली आणि साबणाच्या वडीचा वास तेवढा उरला. तितकेच, पण १ टक्क्याचे द्रावण घातले, म्हणजे शुद्ध द्रव्य अवघे ०.०२ टक्के झाले, तेव्हा मधाचा थर हलका होऊन फूल पट्टीपासून वीतभर अंतरावरही जाणवू लागले. आल्डिहाइड वेगळे ओळखू येत नव्हते. ते न घातलेला नमुना शेजारी धरल्यावरच त्याची किमया कळली.

१९२१ च्या शानेल नंबर ५ या अत्तरात ते बनवणाऱ्या एर्नेस्ट बो यांनी आल्डिहाइडांची झळाळी इतकी ठळक ठेवली की आजही अनेकांना आल्डिहाइडांचे काम तेवढेच वाटते. मला मात्र फुलांना आतून उचलून धरणारा त्यांचा वापर अधिक मोलाचा वाटतो. संत्र्याच्या सालीत आणि आपल्या रोजच्या कोथिंबिरीत असणारे डेकॅनाल, म्हणजे सी-१०, याच कारणासाठी मागवले होते.

त्या बाटलीच्या बाबतीत चूक माझीच झाली. अर्धी रिकामी बाटली मी पावसाळ्यातही वरचेवर उघडत राहिलो. आतल्या हवेने डेकॅनालचे हळूहळू डेकॅनोइक आम्ल होत गेले आणि सालीच्या ताजेपणाची जागा खवट वासाने घेतली. आता नवीन द्रव्य आले की त्याच दिवशी अल्कोहोलमध्ये १० टक्क्यांचे द्रावण करून काठोकाठ भरलेल्या छोट्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवतो आणि प्रत्येकीवर तारीख लिहितो.

चौथा नमुना, ०.०२ टक्के सी-१२ एमएनए आणि नवे सी-१० घालून, काल कपाटात मुरत ठेवला आहे. दोन आठवड्यांनी तो वळेसराच्या डबीशेजारी धरून हुंगेन.