एका सेलची बॅटरी

मुंबईत लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानदाराला मी म्हटलं, "एका सेलची बॅटरी दाखवा," तर त्याने काउंटरवर एक सेल आणून ठेवला. चूक त्याची नव्हती. मराठी घरात जिला बॅटरी म्हणतात ती बाकीच्यांची टॉर्च, आणि बाकीच्यांची बॅटरी म्हणजे आपला सेल. शाळेच्या पुस्तकात 'विजेरी' होती, पण ती दुकानात कुणी मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. शेवटी "टॉर्च, टॉर्च, छोटावाला," असं म्हणत हाताने दाबून दाखवलं तेव्हा बोटभर लांबीची एक काळी नळी बाहेर आली.

"पाचसौ लुमेन है साब. दो किलोमीटर तक जाएगा."

लुमेन म्हणजे दिव्यातून पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप. आमचं घर विक्रोळीला कन्नमवार नगरात. घरातली सगळ्यात लांब सरळ रेघ बाहेरच्या दारापासून मोरीपर्यंत, ती वीस फूट भरेल. दोन किलोमीटर मी आणू कुठून? पण किंमत २८० रुपये होती आणि आत भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल जात होता. मला हवं होतं ते एवढंच. चार्जिंगची वायर नको, कुठल्या कोपऱ्यात पडलीय म्हणून शोधाशोध नको. सेल संपला तर खालच्या वाण्याकडे जायचं, आणि दुकान बंद असेल तर घड्याळ दोन तास थांबवायचं.

घरी आल्यावर खोक्यावरचे ५०० लुमेन काही डोक्यातून जाईनात. म्हणून हिशेब मांडला. चार्ज करता येणारा चांगला पेन्सिल सेल १.२ व्होल्टचा, २००० मिलिअँपिअर-तासांचा. म्हणजे त्याच्या पोटात सगळी मिळून २.४ वॉट-तास वीज. स्वस्तातला एलईडी एका वॉटला शंभरेक लुमेन देतो असं धरलं, तर ५०० लुमेनला ५ वॉट लागणार. एवढ्याशा सेलमधून चार अँपिअरच्या वर प्रवाह ओढायचा, तोही अर्धा तासच. साधा अल्कलाईन सेल एवढ्या ओढीपुढे मान टाकतो. खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत खुलासा होता: हा आकडा याच मापाच्या ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवरचा. म्हणजे मुलाची उंची स्टुलावर उभं करून मोजलेली.

मग मोरीत प्रयोग. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो. तो बंद करून बॅटरी फरशीवर उभी केली, तोंड छताकडे, म्हणजे उजेड छतावर आपटून सगळीकडे पसरतो. बल्बाच्या अर्ध्याहून जास्त उजेड पडायला हवा होता. माझ्या डोळ्यांनी शंभरच्या आतबाहेर लुमेन दिले. "आत काय करताय इतका वेळ?" असा प्रश्न बाहेरून आल्यामुळे प्रयोग तिथेच आवरला.

पण शंभर लुमेन काही कमी नाहीत. पांढऱ्या एलईडीला पेटायलाच तीनेक व्होल्ट लागतात. सेल बिचारा दीड व्होल्टचा. म्हणून दिव्याच्या मागे नखाएवढी एक सर्किटची चकती बसवलेली असते, ती व्होल्ट चढवून देते. कोकणात आजोबांच्या दोन सेलच्या बॅटरीत असलं काही नव्हतं. तिथे सेल एकामागे एक रांगेत उभे राहून जोर लावायचे. ती बॅटरी मरायचीसुद्धा सांगून. उजेड आधी पिवळा, मग तांबूस, मग काचेतल्या तारेला नुसती धुगधुगी. तेवढ्यात आजोबा सेल काढून कौलांवर उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळी ते खरंच थोडे जागे व्हायचे. वर एक सेल उलटा घालून ठेवायचे, पिशवीत चुकून बटण दाबलं गेलं तरी उजेड वाया जायला नको. एका सेलच्या बॅटरीत ही युक्ती जमत नाही. तिथे मागचं टोपण अर्धा फेरा सैल करायचं. सर्किटवाल्या चांगल्या बॅटऱ्या शेवटपर्यंत सारखा उजेड देतात आणि मग जिन्याच्या मधोमध एकदम डोळे मिटतात. माझी स्वस्तातली, त्यामुळे हळूहळू मंदावते. हा दोष की गुण, यावर अजून माझं मत ठरलेलं नाही. पण जिन्यावर मला मंदावणारी चालेल.

बॅटरीने टाकलेला सेल आमच्याकडे घड्याळात जातो. घड्याळाची भूक इतकी थोडी की तेवढ्यावर ते पुढे काही महिने चालतं. फक्त तिथे विसरायचं नाही. म्हातारा अल्कलाईन सेल फुटून पांढरा क्षार बाहेर येतो आणि स्प्रिंग खातो. लिंबाचा रस कापसावर घेऊन पुसला की तो निघतो, कारण आम्लाने अल्क मरतं. शाळेत शिकलेल्या रसायनाचा मला झालेला हा एकमेव उपयोग.

बाकीच्या परीक्षा लवकर उरकल्या. फिरत्या पंख्यावर अर्धा उजेड मारला तर पाती थबकत थबकत फिरताना दिसली. म्हणजे हा दिवा मंद होत नाही, भराभर उघडझाप करून मंद असल्याचं सोंग आणतो. आईच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या, एक गुलाबी आणि एक नारिंगी, त्याच्या निळसर उजेडात जुळ्या बहिणी दिसल्या. हे मात्र वाईट. रक्तदाबाची कोणती आणि थायरॉईडची कोणती, हे पहाटे पाचला ओळखता आलंच पाहिजे. पट्ट्यांवर पेनाने मोठी अक्षरं लिहून टाकली.

आता खरी तक्रार. मुंबईत काळोख असतो कुठे? रस्ता रात्रभर जागा, समोरच्या टॉवरवर लाल दिवा, खिडकीच्या पडद्यातून पिवळा चौकोन रोज त्याच भिंतीवर. वीजही फारशी जात नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सगळ्या शहराची गेली, लोकल जिथल्या तिथे थांबल्या, पण ती गेली सकाळी दहाच्या सुमाराला. भर उन्हात बॅटरी कुणावर मारणार? २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या रात्री, मी सायनपासून कमरेएवढ्या पाण्यातून चालत आलो. तेव्हा असली काही खिशात असती तर गटाराचं झाकण कुठे आहे ते नाही, पण पुढच्या माणसाची पाठ तरी दिसली असती. असे दिवस वीस वर्षांत एखादे. एरवी आमच्याकडचा काळोख म्हणजे कुणीतरी झोपलेलं असणं. खोली एक, झोपणारे चार. पाणी येतं पहाटे साडेचारला. उठून, मुलाचं अंथरूण ओलांडून, आईच्या पलंगाला धक्का न लावता मोरीतला नळ सोडायचा, पिंप लावायचं आणि परत यायचं. एवढ्यासाठी बॅटरी. दोन किलोमीटर नाही, वीस फूट. आणि तेही कुणाच्या पापणीला कळू न देता.

आणि ही बाई दाबली की पहिल्यांदा पूर्ण पेटते. दुसऱ्यांदा दाबल्यावर अर्धी. तिसऱ्यांदा लुकलुक, जणू आम्ही मोरीतून बोटीला खुणा करणार आहोत. म्हणजे मंद उजेडापर्यंत पोचायचं तर रोज भर उजेडातून जावं लागतं. काळोखाला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि सरावलेले डोळे बिघडायला एक झोत पुरतो. म्हणूनच महागातल्या बॅटऱ्यांना तांबडा दिवा वेगळा देतात. काळोखात काम करणारे डोळे लाल उजेडाला फारसे दचकत नाहीत. माझ्या मते बॅटरीची परीक्षा तिच्या सगळ्यात कमी उजेडावर घ्यावी. जास्तीचा उजेड कुणीही देतं. खोक्यावर मात्र तो कमी आकडा कधी मोठ्या अक्षरांत छापत नाहीत.

पहिल्याच आठवड्यात मुलगा ओरडला, "बाबा, डोळ्यात!" बारावीचं वर्ष, त्यामुळे त्याच्या झोपेला घरात राजाश्रय. मग मी काचेवर चिकटपट्टी लावून पाहिली. एक पदर, दोन पदर, तिसऱ्याला उजेड बरा झाला, पण दिवसा मीटर बघायला गेलो तर काही दिसेना. पट्टी काढली तर तिचा डिंक काचेवर राहिला. बायकोने ते सगळं पाहिलं आणि "मोबाईलची लावा ना," एवढंच म्हणाली. मोबाईल लावायचा तर आधी त्याचा पडदा तोंडावर पेटतो, आणि त्यावर रात्री आलेले अठरा निरोप. मग पाणी राहतं बाजूला.

परवा पहाटे मला जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. नळ आधीच सुटलेला. पलंगावर आई नव्हती. ती मोरीच्या दारात उभी होती, हातात माझी बॅटरी, पूर्ण उजेडावर, आणि काचेवर मूठ घट्ट मिटलेली. बोटांच्या फटींतून जास्वंदीसारखा लाल उजेड झिरपत होता, पिंपाची कड दिसेल एवढाच. मुलगा कूस बदलून पुन्हा घोरायला लागला.

"कोकणात गोठ्यात जायचं तर अशीच धरायचो," ती म्हणाली. "गुरं बुजायची ना. पिंप भरलं, तो दुसरा हंडा दे."